नमुना कुणी घेतला?

गेल्या महिन्यात संपादकांचा फोन आला, आवाज जरा त्रासलेला. "बाई, तुमच्या नावाने कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली आली आहे. आत चहासारखं काहीतरी आहे आणि बूच सैल आहे." दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले, तर बाटली खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवलेली. बूच फिरवलं आणि एकोणतीस वर्षांची नोकरी नाकात शिरली. जळक्या गुळाचा वास, त्याला कुजक्या अंड्याची किनार. ही बाटली आणि तिच्याबरोबरची चिठ्ठी या वेळी सगळ्यांत जास्त जागा खाणार आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. नोकरीत असतानाच संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन एलएल.बी. केलं, कारण साक्षीला उभी राहून वकिलांकडून बोलणी खाण्याचा कंटाळा आला होता. कोट मात्र कधी घातला नाही.

"ताई, मी कृष्णाकाठचा शेतकरी. साडेतीन एकर ऊस, दोन म्हशी, एक विहीर. तीन वर्षं झाली, गळीत हंगाम सुरू झाला की महिनाभरात विहिरीचं पाणी असं होतं. वरच्या अंगाला डिस्टिलरी आहे, तिचा मोठा तलाव आहे. पंचायतीत विचारलं तर म्हणतात, पावसाचं मुरलेलं पाणी असेल. यंदा एक म्हैस गाभडली. पाणी तपासून घ्या आणि कोणता कायदा लागतो ते सांगा. ऊस त्याच कारखान्याला जातो, तेव्हा नाव छापू नका."

दादा, नाव छापलेलं नाही. पाणीही तपासलेलं नाही. का नाही ते आधी सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

बाटली कोणत्या दिवशी भरली, ते चिठ्ठीत नाही. पाणी पोहऱ्याने वरचं काढलं की मोटारीने तळाचं, तेही नाही. बाटलीत आधी कोल्ड्रिंक होतं, म्हणजे साखर. तळाशी साखरेचा थेंब जरी राहिला तरी पाण्यातला सेंद्रिय भार वाढलेला दिसणार, आणि आपल्याला मोजायचा आहे तो नेमका तोच. शिवाय बाटली टपालात चार दिवस उन्हात फिरली. हा आकडा घेऊन तुम्ही कुठेही गेलात तरी समोरचा वकील पहिला प्रश्न एवढाच विचारेल, नमुना कुणी घेतला?

आम्ही नमुना घ्यायचो तो काचेच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत. बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. काठावर बसूनच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचे दोन-दोन मिलिलिटर सोडायचे आणि बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ बसतो. गाळ पांढराच राहिला की आकडा काढायच्या आधीच कळायचं, इथे मासा जगणार नाही. बाकीच्या बाटल्या बर्फात. जीप मिळाली तर जीप, नाहीतर एसटी. थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन मी कित्येकदा रात्रीच्या गाडीने आले आहे. शेजारची बाई हमखास विचारायची, "मासळी का हो?"

आता कायदा. पाणी प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४चा. महाराष्ट्राने त्याच्या आधीच, १९६९ मध्ये, आपला कायदा केला होता आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही उभं केलं होतं. १९७४च्या कायद्याचं कलम २४ काढून बघा. जाणूनबुजून घाण सोडायला बंदी आहे ती नदीत, गटारात, जमिनीवर, आणि 'विहिरीत'. विहीर हा शब्द कलमातच लिहिलेला आहे. 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या बघितलीत तर तिच्यात भूगर्भातलं पाणीही येतं. त्यामुळे "आम्ही नदीत काही सोडत नाही" हे उत्तर पुरेसं नाही. तलावातून मुरलं तरी ते कायद्याच्या कक्षेत येतं.

तुमच्या पाण्याचा रंग आणि वास मला ओळखीचा आहे, पण ओळख म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून 'शक्यता' एवढंच लिहिते. मळीपासून अल्कोहोल काढताना एका लिटरमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, उरतो. त्याचा बीओडी, म्हणजे त्यातला मळ कुजवायला लागणारा प्राणवायू, लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅमपर्यंत जातो. अंघोळीलायक नदीसाठी हीच मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. रंग तपकिरी, आणि तो हट्टी असतो. कितीही पाणी मिसळा, छटा राहतेच. त्यात पोटॅशही भरपूर असतं. म्हणून प्रयोगशाळेत द्याल तेव्हा रंग, सीओडी (हाच मळ रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू), विरघळलेले क्षार, क्लोराईड आणि पोटॅशियम एवढं तरी मागून घ्या. आणि दादा, हे पाणी उकळून पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जातात कुठे? पाणी आटतं आणि ते आणखी दाटतात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर २,०००. म्हशींनाही दुसरीकडचं पाणी पाजा.

नमुना दोन प्रकारचा असतो, आणि इथेच लोक घसरतात. कारखान्यावर खटला भरायचा तर कलम २१ प्रमाणे मंडळाच्या माणसानेच तो घ्यावा लागतो. कारखान्याच्या माणसाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर पाण्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना सील, दोघांच्या सह्या. यातलं एक जरी हुकलं तरी तो अहवाल न्यायालयात चालत नाही. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. १९९८च्या हिवाळ्यात एका नाल्याचा नमुना घेतला, सगळं नियमाप्रमाणे केलं. साक्षीच्या दिवशी बचावाच्या वकिलांनी बाटली वर धरली आणि विचारलं, "बाई, चिठ्ठीवर सीलचा क्रमांक एकोणीस आहे की अकरा?" माझंच अक्षर. आपला देवनागरी एक आणि नऊ घाईत लिहिले की सख्खे भाऊ दिसतात. मला सांगता आलं नाही. पाणी खरंच घाण होतं, त्या नाल्यात मी गुडघाभर उभी होते, पण माझा नमुना त्या दिवशी मेला. तेव्हापासून मी क्रमांक अक्षरीसुद्धा लिहिते. दुधाच्या हिशेबातही.

दुसरा नमुना तुमचा स्वतःचा. त्यावर फौजदारी खटला उभा राहत नाही, पण तो फुकटही जात नाही. राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीचं खास न्यायपीठ, पुरावा कायद्याच्या चौकटीला जसंच्या तसं बांधील नाही, तसं लवादाच्या २०१०च्या कायद्यातच लिहिलं आहे. तुमचा अहवाल प्रथमदर्शनी पटला तर लवाद तज्ज्ञांची संयुक्त समिती नेमून पुन्हा नमुने घ्यायला लावू शकतो. म्हणून आपला नमुनाही नीट घ्या. जिल्ह्यातल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत आधी जाऊन बाटल्या कशा हव्यात ते विचारा. मोटार दहा मिनिटं चालू ठेवून मग भरा. दोन शेजाऱ्यांसमोर भरा आणि त्यांच्या सह्या घ्या. तलावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या चांगल्या विहिरीचाही नमुना त्याच दिवशी घ्या. पावसाच्या पाण्याने रंग येत असेल तर तो दोन्हीकडे यायला हवा. पंचायतीला तेच उत्तर.

आणि एक वही घाला. गाळप कोणत्या तारखेला सुरू झालं, पाणी कोणत्या तारखेला बदललं, म्हैस कधी गाभडली, जनावरांच्या डॉक्टरांनी काय लिहून दिलं. लवादाच्या कायद्याला जी नुकसानभरपाईच्या बाबींची यादी जोडली आहे, तिच्यात पिकं आणि फळबागा आहेत, दुभती आणि ओढकामाची जनावरंसुद्धा आहेत. तुमची म्हैस त्या यादीत बसते, फक्त कागद हवा. पाण्यामुळेच गाभडली, हे सांगणारा पशुवैद्य मिळणं कठीण आहे, ते आधीच सांगून ठेवते. पण 'या तारखेला गाभडली' एवढं तरी लेखी मिळेल.

मुदत मात्र विसरू नका. पर्यावरणाचा वाद लवादापुढे न्यायचा तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, आणि उशिराचं पटण्यासारखं कारण असेल तर वर जास्तीत जास्त साठ दिवस. नुकसानभरपाई मागायची तर पाच वर्षं, आणि वर तेच साठ दिवस. तुम्ही लिहिता, तीन वर्षं झाली. म्हणजे भरपाईची वाट अजून उघडी आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात यांच्यासाठी लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये, मागायची असेल तर मागणीच्या एक टक्का, निदान हजार. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं.

त्याआधी मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारखेच्या शिक्क्यासह. फोनवर केलेल्या तक्रारीला पोच नसते. तिथेच मंडळाने कारखान्याला दिलेलं संमतिपत्र बघायला मागा. सांडपाण्याच्या अटींची नोंदवही हितसंबंध असलेल्या कुणालाही पाहू द्यायची, असं कलम २५ मध्येच आहे. तलावाला अस्तर कोणतं हवं आणि स्पेंटवॉश किती दिवस साठवता येतो, ते बहुधा त्या अटींत सापडेल. नाही दाखवलं तर माहिती अधिकार, दहा रुपये, तीस दिवस.

निकाल लवकर लागेल असं मात्र मी म्हणणार नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे एच-ॲसिड नावाचं रसायन तयार झालं, रंगाच्या धंद्यासाठी. मागे सुमारे २,४०० टन विषारी गाळ राहिला. तो जमिनीत उतरला आणि विहिरी तांबड्या झाल्या. १९८९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९६ मध्ये निकाल आला, की ज्याने घाण केली त्याने साफसफाईचा खर्च द्यायचा. पुढे आकडा ठरला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. कारखानदार अर्जावर अर्ज करत राहिले. २०११ मध्ये न्यायालयाने तीच रक्कम दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजासकट भरायला सांगितली. कायद्याच्या पुस्तकात या निकालाचं फार कौतुक आहे, मीही करते. पण १९८९ ते २०११ मोजा. त्या गावातल्या पोरी तेवढ्या काळात लग्न होऊन दुसऱ्या गावच्या विहिरीवर गेल्या असतील.

ऊस त्याच कारखान्याला जातो, हे तुमचं खरं दुखणं आहे आणि त्यावर माझ्याकडे कलम नाही. एकट्याने जाऊ नका. तलावाच्या खालच्या अंगाला आणखी विहिरी असतीलच. सात-आठ सह्या असल्या की कुणाची ऊसतोड अडवायची हा प्रश्न कारखान्यालाच पडतो.

"मॅडम, मागच्या अंकात तुम्ही कारखान्यावरच्या बंदच्या आदेशाचं कौतुक केलंत. आमच्या एमआयडीसीत असाच आदेश आला आणि आम्ही कंत्राटी कामगार सात आठवडे घरी बसलो. मालकाचं काय गेलं? पर्यावरणवाल्यांना आमची चूल दिसत नाही." (एक कामगार, रायगड जिल्हा)

तुमचा राग रास्त आहे, आणि मागच्या अंकातला माझा सूर चुकला होता. पाणी कायद्याच्या कलम ३३-अ प्रमाणे मंडळ कारखाना बंद करू शकतं, वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. खटला न भरता चटकन वापरता येतं म्हणून हे हत्यार आवडतं. पण चाललेली गळती थांबवणं एवढंच त्याचं काम आहे. जमिनीत उतरलेलं विष ते बाहेर काढत नाही. बिछडीतही कारखाने बंद झाले आणि गाळ तसाच राहिला. शिवाय बंदचे आदेश कधीकधी निव्वळ विनोद असतात. गाळप एप्रिलमध्ये संपलेलं आणि बंदची नोटीस जूनमध्ये, असं एक प्रकरण मी फाइलमध्ये पाहिलं आहे. त्या नोटिशीची पोच कारखान्याने आनंदाने दिली होती.

तुमच्या सात आठवड्यांच्या पगाराचा प्रश्न कामगार कायद्याचा आहे, त्यासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. त्यातलं मला फार कळत नाही.

एक गोष्ट मात्र कळते. सांडपाणी प्रक्रिया चुकवून बाहेर सोडणारी बायपासची लाइन कुठे आहे आणि झडप रात्री किती वाजता उघडते, हे मंडळाच्या इन्स्पेक्टरच्या आधी रात्रपाळीच्या माणसाला माहीत असतं. माझ्या नोकरीत कामाचे बहुतेक फोन रात्री दोनच्या सुमाराला आले, नाव न सांगता, "आत्ता या" एवढंच म्हणून. माझ्या हिशेबात ती माणसं पर्यावरणवालीच. त्यांच्या फोनवर वेळेत कुणी पोचलं असतं तर पुष्कळ ठिकाणी बंदच्या आदेशापर्यंत पाळी आली नसती.

"आमच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर रोज रात्री कचरा पेटवतात. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला बाळदमा आहे. नगरपालिकेत गेले तर म्हणतात, गाडी नाही, माणूस नाही, निधी नाही. हरित लवादात जाण्याएवढी ऐपत नाही." (एक आई, ठाणे जिल्हा)

लवादात जायची गरज नाही. तुमचं न्यायालय प्रांताच्या कचेरीत आहे.

आधी मुलाचं. रात्री धूर असेल तेव्हा त्या बाजूची खिडकी बंद, आणि पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित. त्रास झाला त्या तारखा डॉक्टरांच्या कागदावर येऊ द्या. या कागदाचा पुढे उपयोग आहे.

आता कायदा. उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. २२ डिसेंबर २०१६ला हरित लवादाने देशभरासाठी दंडही ठरवून दिला, साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळण्याला २५,०००. पण दंड वसूल करायचा तो पालिकेनेच, आणि पालिका तर म्हणते माणूस नाही. म्हणून दुसरं दार. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडे प्रांत, देऊ शकतो. जुन्या फौजदारी संहितेत हे कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करायचा: जागा, वेळा, फोटो, मुलाचे कागद, शेजाऱ्यांच्या सह्या. प्लॉटचा मालक आणि नगरपालिका दोघांनाही विरुद्ध पक्ष करा.

"निधी नाही" या उत्तराला चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीच जागा दाखवून झालेली आहे. मध्य प्रदेशात रतलाम शहरात न्यू रोडवरच्या रहिवाशांनी याच कलमाखाली अर्ज केला होता. उघडी गटारं, रस्त्यावरच शौचाला बसणारे लोक, आणि अल्कोहोलच्या कारखान्याचं वास मारणारं पाणी थेट रस्त्यावर. (वरच्या दादांनी हे वाचावं. मळीची जुनी खोड आहे ही.) दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला हुकूम दिला, नगरपालिका भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली, पैसे नाहीत. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते ऐकून घेतलं नाही. पैसे नाहीत म्हणून पालिकेला आपलं कायदेशीर कर्तव्य टाळता येणार नाही, असा तो निकाल. १५२चा अर्ज करताना त्याची एक प्रत जोडा. सगळेच प्रांत हे कलम वापरायला उत्सुक असतात असं नाही. हे काम मंडळाचं म्हणून अर्ज परत करू बघतील. परत घेऊ नका, नाकारायचं तर लेखी नाकारा म्हणावं.

"निवासी भागात आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल म्हणतात. म्हणजे नेमका किती आवाज? आमच्या समोरच्या लॉनवर डीजे लागतो तेव्हा मोबाइलवर ९६ दाखवतो. तक्रार चालेल का?"

चालेल. दिवसा ५५, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. तुम्ही-आम्ही समोरासमोर गप्पा मारतो तोच आवाज ६०च्या आसपास असतो, म्हणजे मर्यादा कडक आहे. दर दहा डेसिबलला आवाजातली ऊर्जा दसपट होते, तेव्हा ९६ म्हणजे ५५च्या दुप्पटही नाही असा हिशेब करू नका. २०००च्या ध्वनी नियमांप्रमाणे मर्यादेपेक्षा दहा किंवा जास्त डेसिबल झाले की कोणीही तक्रार करू शकतो, आणि रात्रीचे निर्बंध मोडले तर आकड्याचीही गरज नाही. लाउडस्पीकर वाजतो त्या जागेच्या हद्दीवर कितीही झालं तरी ७५च्या वर जाता येत नाही. मोबाइलचा आकडा पुरावा म्हणून कच्चा आहे, पण ११२ला फोन करायला पुरेसा आहे. राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. ती सूट वेळेची आहे, आवाजाची नाही. हे वाक्य मंडळाच्या कार्यकर्त्यांना ऐकवून मी माझ्या गल्लीत नावडती झालेली आहे. इथे मंडळ म्हणजे गणेशोत्सवाचं.

"मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वच्छ पाण्याचा हक्क संविधानात कुठल्या कलमात आहे?"

त्या शब्दांत कुठेच नाही. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ४८-अ आणि ५१-अ(ग) आली. पर्यावरण जपा, असं एक राज्याला सांगतं, दुसरं नागरिकाला, पण हक्क असं कोणीच म्हणत नाही. हक्क निघाला तो २१व्या कलमातल्या 'जीवित' या शब्दातून. १९९१च्या सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. परीक्षेत एवढं लिहिलंस की मार्क मिळतील. पण निकाल पूर्ण वाच, फार तर चार-पाच पानं आहे. कोळसा धुण्यातून निघालेला गाळ नदीत सोडतात, अशी ती तक्रार होती. न्यायालयाने हक्क मान्य केला आणि याचिका फेटाळली, कारण याचिकाकर्ता स्वतःच तो गाळ विकत घेणारा निघाला आणि त्याला तो आणखी हवा होता. दर वर्षी हजारो वकील ज्याचं नाव घेऊन पाण्याचा हक्क मागतात, तो माणूस ती केस हरलेला आहे. मला हे वाचल्यावर खूप हसू आलं होतं. शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं.

"आमच्या गावाजवळ मोठा प्रकल्प येतोय. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. अहवाल इंग्रजीत, सहाशे पानी. गावात वाचणारं कुणी नाही. सगळे म्हणतात बहिष्कार टाकू. तुमचं मत?" (दक्षिण कोकणातून एक शिक्षक)

सर, बहिष्काराच्या विरुद्ध मत आहे माझं, आणि कारण तात्त्विक नाही. प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासण्यासाठी जी १४ सप्टेंबर २००६ची अधिसूचना आहे, तिच्यात जनसुनावणीला गणसंख्येची अटच नाही. तुम्ही शून्य आलात तरी सुनावणी 'झाली' असं लिहिता येतं, आणि कागदावर तुमच्या गावाची हरकत उरत नाही.

सहाशे पानं वाचू नका. अहवालाचा सारांश मराठीत देणं बंधनकारक आहे, तो मंडळाकडून, जिल्हाधिकारी कार्यालयातून किंवा ग्रामपंचायतीतून मागून घ्या. मिळाला नाही तर 'मिळाला नाही' हीच पहिली लेखी हरकत, तारखेसह. नोटीस किमान तीस दिवस आधीची हवी, तेव्हा वर्तमानपत्राचं ते पान कापून ठेवा. मोठ्या अहवालातली तीन प्रकरणं मात्र कुणाकडून तरी वाचून घ्या: पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठे जाणार, आणि आत्ताच्या पाण्या-हवेचे नमुने कधी आणि कुठून घेतले. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्या वाडीत बारमाही पऱ्या असेल आणि अहवालात 'परिसरात प्रवाह नाही' असं लिहिलेलं असेल, तर तो नमुना घेणारा तिथे आलाच नव्हता. हे तुमच्या सातवीतल्या मुलालाही सांगता येईल. त्या पऱ्याचा फोटो, त्यात कोण कोण कपडे धुतं, कोणाच्या पोफळी त्यावर जगतात, हे मराठीत लिहून द्या. हरकत इंग्रजीत असावी असा नियम नाही.

हरकती लेखी द्या आणि तोंडीही मांडा. बायकांना बोलू द्या, पाणी कोण भरतं ते त्यांना माहीत असतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, तो अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा चालत नाही. कोण बसलं आहे ते विचारून लिहून ठेवा. पुढे पर्यावरण मंजुरी मिळालीच तर हरित लवादात अपिलाला तीस दिवस असतात, कारण दाखवलं तर वर साठ. अपिलात तुमची सुनावणीतली हरकत शोधली जाते, म्हणून ती इतिवृत्तात आलेली असली पाहिजे.

आणि हे इतिवृत्त तिथेच, सुनावणी संपताना, सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवायचं असतं. तोपर्यंत दुपारचे तीन वाजलेले असतात, मांडवात ऊन आलेलं असतं, निम्मे लोक जेवायला गेलेले असतात आणि "बाकीचं नंतर पाठवू" असं माइकवरून ऐकू येतं. उठू नका. घरून भाकरी बांधून न्या.